पंखा चालू, पाणी गरम: इंदूरच्या एका ॲक्सोलॉटल पिल्लाचं आजारपण

गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सोमवार होता, सकाळचे सातही वाजले नव्हते. भाचीचा फोन आला आणि तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"मावशी, बत्तासा तीन दिवस जेवला नाहीये. शेपूट वर, डोकं खाली असा तरंगतोय. कालपासून कल्ल्यावर कापसासारखं काहीतरी धरलंय. दुकानातून हिरवं औषध आणलंय, दहा थेंब घालायला सांगितलेत. घालू?"

"एक थेंबही घालू नकोस. मी निघते."

रामबागेतून सुदामानगरला पोचेपर्यंत पाऊस लागला होता. पिशवीत पाणी तपासायचा संच होता, दोन थर्मामीटर, विजेरी, पाण्यातलं क्लोरीन घालवणाऱ्या हायपोची पुडी आणि माझ्या घरच्या जुन्या टाकीतल्या फिल्टरचा एक स्पंज डब्यात भरून घेतलेला. एकतीस वर्षं मी महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली. घरी मासे तर त्याच्याही आधीपासून आहेत. तरी ही हकिगत तपशिलानं लिहावीशी वाटली, कारण पिल्लाला जे झालं ते इथल्या हवेमुळे झालं, आणि त्यात माझाही वाटा होता.

आधीचं थोडं

बत्तासा हा माझ्या भाचीच्या मुलाचा ॲक्सोलॉटल, म्हणजे मूळचा मेक्सिकोतला, जन्मभर कल्ल्यांसकट पाण्यातच राहणारा, सॅलमँडर गटातला उभयचर. मुलगा आठवीत आहे. माइनक्राफ्ट या खेळात २०२१ साली हा प्राणी आला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात तो घर करून होता. मार्चअखेरीला परीक्षा संपली आणि वडिलांनी आणून दिला. तेव्हा तो जेमतेम सात सेंटीमीटरचा होता. अंग पांढरं, कल्ले गुलाबी आणि डोळे काळे. या रंगाला ल्युसिस्टिक म्हणतात. पुढच्या उजव्या पायाला पंजा नव्हता. दुकानात पंचवीस-तीस पिल्लं एकाच टाकीत ठेवलेली होती. या वयात ती हललेल्या प्रत्येक गोष्टीवर तोंड टाकतात, मग ते भावंडाचं पाऊल असो की कल्ला. म्हणून पिल्लं लहान असताना वेगवेगळी ठेवायची असतात. दुकानात ते झालेलं नव्हतं.

पंजा मेच्या मध्यापर्यंत परत आला. आधी एक गुलाबी गाठ आली, मग ती चपटी झाली, मग तिला चार टोकं फुटली. मुलानं रोज फोटो काढले होते, मीही ते पुन्हापुन्हा पाहिले. हाड, स्नायू, मज्जातंतू, सगळं जागच्या जागी परत बांधणारा हा प्राणी. म्हणून तर जगभरच्या प्रयोगशाळा दीडशे वर्षांहून जास्त काळ त्याच्यामागे आहेत. १८६४ साली मेक्सिकोहून चौतीस ॲक्सोलॉटल पॅरिसला नेले होते. आज पाळले जाणारे बरेचसे ॲक्सोलॉटल त्यांच्याच वंशाकडे जातात. २०१८ साली त्याचा जनुकसंच वाचून झाला तेव्हा तो सुमारे ३२०० कोटी अक्षरांचा निघाला, म्हणजे माणसाच्या दहा पट.

पण त्या पंजानं घरातल्यांची समजूत चुकीच्या बाजूला वळवली. "याचा पाय परत येतो, याला काय होणार," असं घरात सगळेच म्हणायला लागले. तुटलेला अवयव भरून काढणं वेगळं आणि वाईट पाण्यात तग धरणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत हा प्राणी फार नाजूक आहे. त्याची कातडी उघडी आणि पातळ, कल्ले अंगाबाहेर. पाण्यात जे असेल ते सरळ आत जातं. त्यात पिल्लू असलं की साठा थोडा, वाढीचा वेग जास्त आणि बिघडायला वेळ फार कमी.

कागदपत्रांबद्दलही इथेच सांगते, कारण दुकानदार सहसा सांगत नाहीत. ॲक्सोलॉटल हा साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि त्यानंतर २०२४ चे नियम आले. त्यानुसार असा प्राणी बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. भाचीच्या नवऱ्यानं ती एप्रिलमध्येच केली होती.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद. पाणी चाळीस लिटरच्या आसपास. तळाशी दुकानातून आलेले पांढरे खडे होते, ते मी पहिल्याच आठवड्यात काढायला लावले. ॲक्सोलॉटल तोंड उघडून पाण्यासकट घास आत ओढतो. घासाबरोबर खडा गेला की आतड्यात अडकतो. तळ मोकळा काचेचा राहू दे, दिसायला उघडाबोडका दिसला तरी चालेल, असं मुलाला सांगितलं आणि त्यानं ऐकलं.

उन्हाळ्यासाठी टाकीच्या कडेला दोन छोटे पंखे लावले, पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारे. भर दुपारी बर्फ केलेली पाण्याची एक बाटली सोडायची. मे महिन्यात बाहेर चाळीस अंश असताना टाकीत एकवीस-बावीस राहिलं. अठराच्या आसपास असायला हवं, पण एकवीसवर पिल्लू खात होतं, वाढत होतं. आम्ही सगळे खूश होतो. मे गेला की सुटलो, असं मीच म्हटलं होतं.

सोमवारी सकाळी काय दिसलं

जुलैत तो तेरा सेंटीमीटरचा झाला होता. दिवाणखान्यातली टाकी, पंखे गरगर फिरत होते. बत्तासा पृष्ठभागाशी तिरपा, मागचा भाग वर आलेला. दर मिनिटाला, दोन मिनिटांना तोंड वर काढून हवा गिळत होता. ॲक्सोलॉटलला फुप्फुसंही असतात, अधूनमधून तो हवा घेतो, त्यात काही वावगं नाही. पण इतक्या घाईनं घेतो तेव्हा कल्ल्यांचं काम भागत नाही असं समजायचं.

कल्ले पुढे वळलेले होते, घोड्याच्या पुढे केलेल्या कानांसारखे. निवांत असताना ते मागे आणि बाजूला सैल पडलेले असतात. तुऱ्यांवरची झालर विरळ झालेली. शेपटीचं टोक आकड्यासारखं वाकलेलं. डाव्या बाजूच्या मधल्या कल्ल्यावर पांढऱ्या बुरशीचा झुपका, हरभऱ्याच्या डाळीएवढा. मागच्या पायांच्या तळव्यांना किंचित लाली. ही लाली पाहून मला काळजी वाटली, कारण ती पोटावर पसरत गेली तर रक्तात जंतू गेल्याची खूण असते.

सगळ्यांत आधी पोट पाहिलं. या रंगाच्या पिल्लाचं पोट इतकं पातळ असतं की काचेला विजेरी टेकवली की आतलं दिसतं. मुलानं विजेरी धरली, मी भिंग. आतड्यात एक काळपट पट्टा होता, जुन्या अन्नाचा, कडा मऊ. खड्याची टणक, स्पष्ट कडा कुठेही नाही. पुढे हवेचा एक चकाकता फुगा. म्हणजे तरंगणं हा आजार नव्हता. श्वासासाठी वर येऊन येऊन गिळलेली हवा आणि चार दिवस न झालेली शी, त्याचा तो परिणाम होता.

बुरशीही मूळ आजार नव्हती. सॅप्रोलेग्नियासारख्या बुरशीचे बीजाणू बहुतेक सगळ्या टाक्यांत असतातच. धडधाकट कातडीवर त्या बसत नाहीत. कल्ला भाजल्यासारखा झाला की त्यांना जागा मिळते. त्याला भाजलं कशानं, हे शोधायचं होतं.

पाण्याचे आकडे

टाकीचं तापमान २७.४. सकाळी सात-साडेसातला, म्हणजे दिवसातल्या सर्वांत थंड वेळेला. सामू, म्हणजे पीएच, ८.२. अमोनिया दर लिटरला २ मिलिग्रॅम. नायट्राइट पाव. नायट्रेट ४०.

प्राण्याच्या उत्सर्जनातून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया येतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, नायट्रेट वीसच्या आत. पण या आकड्यांत खरी मेख तापमान आणि सामू यांच्या जोडीत आहे. संचातला रंग एकूण अमोनिया दाखवतो. त्यातला मोकळा अमोनिया हाच विषारी, आणि पाणी जितकं गरम आणि अल्कधर्मी तितका त्याचा वाटा मोठा. सामू ८ असताना वीस अंशाला हा वाटा चार टक्क्यांच्या जरा खाली असतो, अठ्ठावीस अंशाला साडेसहा टक्क्यांच्या वर जातो. आमच्या टाकीत २७.४ आणि ८.२ ला तो जवळजवळ दहा टक्के होता. म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास मोकळा अमोनिया. माशांच्या बाबतीत कायमस्वरूपी ०.०२ सुद्धा जास्त मानतात. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि गारव्याच्या या प्राण्याची गरज मात्र गरमीत वाढते. पिल्लू दोन्हीकडून कोंडीत सापडलं होतं.

माझा प्रश्न मात्र अजून सुटत नव्हता. मेच्या आगीत एकवीस अंश राहिलेली टाकी, ढगाळ आषाढात सत्तावीसवर कशी गेली? पंखे तेच होते, चालू होते. बर्फाची बाटली जूनअखेरीला बंद केली होती, "पाऊस लागला, आता कशाला" म्हणून. पण मेमध्ये सकाळी, बाटली टाकायच्या आधीही पाणी बावीसच्या वर जात नव्हतं.

उत्तर मुलाच्या वहीत होतं. टाकीच्या काचेवर त्यानं मार्करनं एक रेघ मारलेली होती. रोज संध्याकाळी त्या रेघेपर्यंत पाणी घालायचं आणि किती पेले लागले ते वहीत लिहायचं, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. मेच्या पानांवर रोज दोन जुड्या, कधी वर एक रेघ जास्त. दहा-अकरा पेले, म्हणजे अडीच लिटरच्या वर पाणी रोज उडत होतं. जुलैच्या पानावर दोन रेघा. तीन रेघा. दोन.

"मावशीआजी, मला वाटलं पाणी कमी उडतंय ते चांगलंच आहे," तो म्हणाला.

पंखा पाणी थंड करत नाही. पंखा पाणी उडवतो, आणि उडणारं पाणी उष्णता घेऊन जातं. माठाचं तेच, कूलरचं तेच. मेमध्ये माळव्याची हवा इतकी कोरडी असते की ती पाणी अधाशासारखी पिते. जुलैत हवेचं पोट भरलेलं असतं. पंखा फिरत राहतो, पाणी उडत नाही, आणि टाकी खोलीइतकीच गरम होऊन बसते. वहीतल्या त्या दोन-तीन रेघा हेच सांगत होत्या, दोन आठवडे आधीपासून.

त्याला पटावं म्हणून मी एका थर्मामीटरच्या फुग्याला ओली चिंधी बांधली आणि पंख्यासमोर धरली. दुसरा कोरडाच ठेवला. कोरडा २८.५ दाखवत होता, ओला २६ वर थांबला. त्या ओल्या थर्मामीटरच्या खाली पंखा पाणी नेऊच शकत नाही. मेमध्ये हाच प्रयोग केला असता तर खोलीत तेहतीस असतानाही ओला अठरा-एकोणीसपर्यंत उतरला असता. मुलानं ते दोन आकडे वहीत लिहिले आणि खाली दोनदा रेघ ओढली.

माळव्यातल्या रात्री गार असतात यावर आमचा सगळ्यांचा फार विश्वास. साडेपाचशे मीटर उंचीचं पठार आहे, उन्हाळ्यातही रात्री वारा सुटतो. पण ॲक्सोलॉटल ज्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला, ती मेक्सिको सिटी २२४० मीटरवर आहे. तिथलं पाणी बारा महिने गार. आणि पावसाळ्यातली इंदूरची रात्र ही मेमधल्या रात्रीसारखी कोरडी गार नसते, बंद खोलीत तर नाहीच.

स्पंज

गरमीनं पिल्लू मरगळलं असतं. पण अमोनिया २ वर कसा गेला? चांगली चालू टाकी उन्हाळ्यातही अमोनिया पचवते, तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात.

विचारत गेले तेव्हा कळलं. आधीच्या बुधवारी नळाला गढूळ पाणी आलं होतं. पावसाळ्यात नर्मदेचं पाणी तसं येतं. त्या पाण्यानं टाकी धुरकट दिसायला लागली. गुरुवारी मुलाच्या बाबांनी ऑफिसला जायच्या आधी स्पंज काढला, नळाखाली धरला आणि पिळून पिळून स्वच्छ केला, पाणी पांढरं येईपर्यंत. पावसाळ्यात क्लोरीनची मात्राही वाढवलेली असते. तीन महिन्यांत वाढलेले जिवाणू पाच मिनिटांत गेले. वर त्याच दिवशी अर्धी टाकी ताज्या नळाच्या पाण्यानं भरली, हायपो न घालता, कारण पुडी संपली होती. शुक्रवारपासून पिल्लानं खाणं सोडलं. न खाल्लेले ब्लडवर्म, म्हणजे खायला घातलेल्या बारीक लाल अळ्या, तळाशी कुजत राहिले, त्यानं अमोनियात भरच पडली.

हे सांगताना त्यांचा चेहरा पडला होता. मी म्हटलं, तुम्ही स्वच्छतेसाठीच केलंत. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच, बादलीत, दोनदा हलकं दाबून. तो घाणेरडा दिसला पाहिजे. हे मी मार्चमध्ये मुलाला सांगितलं होतं, बाबांना नाही.

पहिले तीन दिवस

दुकानातलं हिरवं औषध बाजूला ठेवलं. बाटलीवर मॅलाकाइट ग्रीन लिहिलेलं होतं. माशांना खवले असतात, त्यांची मात्रा या उघड्या कातडीला लावणं धोक्याचं. आणि बुरशी मेली असती तरी अमोनिया तिथेच राहिला असता.

पिल्लाला टाकीतून बाहेर काढलं. पाच लिटरचा झाकणाचा डबा, नवा, साबण न लागलेला. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं नर्मदेचं पाणी, हायपो घालून. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, माशांच्या दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून पुडी मिळते, पुडीवरच्या प्रमाणात घालायचे. बाटलीतली तयार द्रव्यंही मिळतात, पण त्यात कोरफड असेल तर या प्राण्याला वापरू नये. डब्यात पाणी फक्त त्याच्या पाठीवर बोटभर राहील इतकंच, म्हणजे हवेसाठी पोहत वर यावं लागत नाही, मान उचलली की झालं.

डबा एका मोठ्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवला. आंब्याच्या दिवसांत आलेलं खोकं माळ्यावर पडलं होतं. डब्याभोवती फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या. बर्फ पाण्यात नाही, बाहेर. आणि एकदम थंड करायचं नाही, हे मी घरातल्या सगळ्यांना एकेकदा सांगितलं. सत्तावीसवरून चोवीस, दुपारी बावीस, रात्री वीस, मंगळवारी सकाळी अठरा. मुलगा दर दोन तासांनी थर्मामीटर बघत होता, रात्री त्याची आई बघत होती.

आजारी ॲक्सोलॉटलला फ्रिजमध्ये ठेवण्याचा एक उपाय पुष्कळजण करतात, पाच ते आठ अंशांना. पिल्लासाठी माझं मत विरुद्ध आहे. सत्तावीसमधून आलेल्या तेरा सेंटीमीटरच्या जिवाला इतकी उडी झेपेलच असं नाही, आणि घरचा फ्रिज दिवसातून चाळीस वेळा उघडतो. अठरा अंश, काळोख आणि स्वच्छ पाणी यांनी बहुतेक काम होतं.

दर बारा तासांनी डब्यातलं सगळं पाणी बदललं. डब्यात फिल्टर नाही, त्यामुळे त्याचाच अमोनिया साठतो. नवं पाणी त्याच तापमानाला आणून मगच. पहिला दिवसभर खायला काही नाही. पाण्यात देशी बदामाच्या पानांचा अर्क, म्हणजे ज्याची मोठी लाल पानं रस्त्यावर पडतात ते झाड. कॉलनीच्या कोपऱ्यावर आहे. फवारणी न झालेल्या झाडाची, आपणहून गळून वाळलेली पानं घ्यायची. धुऊन, उकळून, गाळून, गार करून तो अर्क इतकाच घालायचा की पाण्याला फिक्या चहाचा रंग येईल. त्यातल्या टॅनिननं कातडीला आराम पडतो आणि बुरशीला थोडा आळा बसतो. जोरदार औषध नाही, पण त्यानं बिघडत काही नाही.

मंगळवारी सकाळी फोनवर फोटो आला. शेपटीचं टोक सरळ झालं होतं. कल्ले अजून पुढेच होते. बुधवारी पहाटे त्यानं शी केली, लांब, काळी. दुपारपर्यंत तो तळाला टेकला. मुलानं तो एवढासा काळा दोराही वहीत मोजून लिहिला.

बुरशी मात्र हलली नव्हती. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आमच्या प्रयोगशाळेचा तिथल्या लोकांशी जुना संबंध. एका ओळखीच्या पशुवैद्यांना मी सोमवारीच फोटो पाठवले होते. तळव्यांची लाली वाढली, पोट फुगलं किंवा कातडीवर फोड आले तर ताबडतोब घेऊन या, प्रतिजैविक तेव्हाच, असं त्यांनी सांगितलं. लाली मंगळवारी उतरली होती, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. मग बुधवारपासून त्यांच्या सल्ल्यानं मिठाचं पाणी सुरू केलं. आयोडीन न घातलेलं मीठ, लिटरला चहाचे दोन सपाट चमचे, त्याच तापमानाचं वेगळं पाणी, दहा मिनिटं आणि नंतर लगेच साध्या पाण्यात. दिवसातून एकदाच. दिवसातून दोनदाही करतात, पण मीठ कातडीला आणि कल्ल्यांना झोंबतं, पिल्लाला मी कमीच बाजूनं ठेवलं. दहा मिनिटं मुलगा घड्याळ हातात धरून बसायचा. पिल्लू तडफडायला लागलं तर वेळ पुरी व्हायच्या आत काढायचं हे त्याला ठाऊक होतं. तशी वेळ आली नाही. शुक्रवारी सकाळी बुरशीचा झुपका अख्खा सुटून डब्याच्या तळाशी पडला होता. त्याबरोबर मधल्या कल्ल्याची बरीच झालरही गेली होती.

त्याच दिवशी खायला दिलं आणि घरात पुन्हा घबराट झाली. मुलानं मोठ्या हौसेनं कॉलनीतल्या गांडूळखताच्या खड्ड्यातून एक लाल गांडूळ आणलं, तुकडे केले आणि चिमट्यानं समोर धरलं. बत्तासानं झडप घातली आणि लगेच थुंकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा थुंकलं. मुलगा फोनवर रडत होता, "अजून बरा नाही झाला."

खतातली ती लाल, पट्ट्यांची गांडुळं डिवचली की पिवळा, कडू रस सोडतात. पुष्कळ ॲक्सोलॉटल ती तोंडात घेऊन थुंकतात, भूक असतानाही. उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवली तर रस निघून जातो. पण साधं करडं-तपकिरी, जमिनीतलं गांडूळ चांगलं. फवारा न पडलेल्या कुंडीतलं एक मिळालं. सेंटीमीटरचा तुकडा, धुतलेला. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गिळला. ती वेळही वहीत आहे. एप्रिलपासून तो जवळजवळ फक्त गोठवलेल्या ब्लडवर्मवर होता. त्यात वाढत्या वयाला लागणारं सगळं मिळत नाही. वाढत्या पिल्लाचं मुख्य अन्न गांडूळच असावं, रोज, डोक्याच्या रुंदीहून मोठा तुकडा नाही. नाल्यातले जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक लाल किडे, दुकानात स्वस्त मिळतात, ते मी कधीच देऊ देत नाही.

टाकी

पिल्लू डब्यात असताना टाकी परत उभी करायची होती. माझा आणलेला स्पंज तिच्यात पिळला आणि तोही आतच ठेवला. माझ्या टाकीत दीड वर्षात नवा मासा आलेला नव्हता, म्हणूनच हे केलं. कुणाच्याही टाकीतला स्पंज आणून घालू नये, स्पंजबरोबर रोगही येतात. टाकी रिकामी, म्हणून जिवाणूंना खाद्य म्हणून रोज अमोनियाचे मोजून थेंब. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर यायला सोळा दिवस लागले. तेवढे दिवस बत्तासा डब्यातच होता, रोज दोन वेळा पाणी बदलून. घरच्यांना ते कंटाळवाणं झालं, पण कोणी चुकवलं नाही.

जागा बदलली. आजोबांच्या खोलीत एसी आहे. एसी नुसती हवा गार करत नाही, हवेतलं पाणीही काढून टाकतो, त्यामुळे तिथे पंखे पुन्हा काम करायला लागले. खोली पंचविसावर आणि टाकी वीस-एकवीसवर. वहीतल्या रेघा परत सहा-सातवर गेल्या, ते पाहून मुलाला फार आनंद झाला. पण दिवसभर एसी चालवणं परवडणारं नव्हतं, आणि दुपारी तो बंद झाला की पाणी दोन तासांत चोवीसला जाऊन भिडायचं. शेवटी गणपतीच्या आधी त्यांनी टाकीचा छोटा चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घेतला. महाग आहे. मी मार्चमध्येच हे ठामपणे सांगायला हवं होतं. इथे बारा महिने पाणी अठरावर ठेवायची सोय नसेल तर हा प्राणी आणूच नये. तो दहा-पंधरा वर्षं जगतो. मला मेची भीती होती, मी मेचाच बंदोबस्त सांगितला आणि घरी गेले. पंखा पावसात निकामी होतो हे मला माहीत होतं. ते मी सांगितलं नाही.

पिल्लू सोळा दिवसांनी टाकीत गेलं. सप्टेंबरअखेरीला लांबी साडेपंधरा, दिवाळीत सतरा सेंटीमीटर. आता एक दिवसाआड खातं. सहापैकी पाच कल्ल्यांची झालर ऑगस्टअखेरीला भरून आली. गार पाण्यात ती मेपेक्षाही दाट दिसते. डाव्या बाजूचा मधला कल्ला मात्र मागे राहिला. त्याचा दांडा बारीक आणि झालर निम्मीच आहे. मुलगा दर रविवारी त्याचा काचेतून फोटो काढून मला पाठवतो. मागच्या दोन फोटोंत दांड्याच्या टोकाशी चार नवे, अगदी आखूड धागे दिसतात.